दोन वॅटची बचत

आई,

आज तुला कॉम्प्युटरमधल्या रॅमबद्दल सांगायचं आहे. हसू नको. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर लोक मोबाइल काढतात, आणि मला आता कुणाला काही समजावून सांगायचाच कंटाळा आला आहे. तू निदान विजेचं नाव निघालं की कान टवकारायचीस.

विहाराच्या वरच्या हॉलमधली अभ्यासिका अजून मीच बघते. तुझ्या वेळी तिथं दोन बाकं आणि शिळे पेपर होते. आता जेवणाच्या डब्याएवढे सहा कॉम्प्युटर आहेत, स्क्रीनच्या पाठीला चिकटवलेले, मुद्दाम कमी वीज खाणारे घेतलेले. पण आपल्या हुडकेश्वरची वस्ती बेसुमार वाढली, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की लाइन जाते. मग सगळा भार इन्व्हर्टरवर, आणि त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या. पेपर सोडवता सोडवता मधेच सगळं काळं होतं. कमिटीचे सचिव, ज्यांना तू भाऊ म्हणायचीस, ते परवा म्हणाले, "ताई, बॅटरीत दम नाही राहिला. नवी काही यंदा होत नाही. संध्याकाळची बॅच बंद करून टाका ना." बंद करा म्हणायला यांचं काय जातं! त्या बॅचमध्ये एक बाई आहे. मिहानमधल्या कंपनीत दिवसभर पॅकिंगला उभी असते, बसमधून उतरते आणि लेकराचं तोंडही न बघता तशीच वर येते. तलाठ्याची परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची, घरी कॉम्प्युटर नाही, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. यंदा झालं तर झालं.

तर मी वीज वाचवायला निघाले. मुलगी कुणाची! रात्री झोपायच्या आधी तू फ्रिजचं बटन बंद करायचीस. मे महिना, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि तू पदर खोचून म्हणते आहेस, "रातच्यानं कोन खाते त्यातलं? काहून चालू ठेवाचा?" सकाळी दही आंबटढाण. तू त्याची कढी करायचीस आणि वर मलाच ऐकवायचीस, "पाय, लाइन बी वाचली न कढी बी झाली." कॉलेजात गेल्यावर मी एकदा सांगायला लागले की बंद ठेवलेला फ्रिज सकाळी पुन्हा थंड व्हायला किती वेळ घरघरतो, त्यात कसली आली बचत. पोळपाटावरची मान वर न करता तू म्हणालीस, "लय शहानी झाली वं तू. मीटर काय तुह्या कॉलेजातून येते?" तुझ्यापुढं कोण बोलणार.

मी प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणलं, कोण किती वॅट खातं ते दाखवणारं. स्क्रीन सोडून नुसता तो डबा चौदाच्या आसपास खातो. आत रॅमच्या दोन पट्ट्या असतात. काम करताना मशीन जे काही हाताशी ठेवते ते त्या पट्ट्यांवर, आणि ते धरून ठेवायलाही वीज लागते. एक पट्टी उपटून बघितली, आकडा दोनेक वॅटनं उतरला. मोठ्या कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटलं नसतं, पण एवढ्याशा मशीनला दोन वॅट म्हणजे जेवणातली एक पोळी. सहा मशीनचे मिळून बारा. मी खूश. सहाही डबे उघडले, एकेक पट्टी काढून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. ती बाई उत्तरावर क्लिक करते आणि पान हलतच नाही. एका पट्टीत मशीनचं भागेना, म्हणून जे मावत नाही ते डिस्कवर नेऊन ठेव, लागलं की परत आण, अशी त्या मशीनची धावपळ चाललेली. मीटर बघितलं तर आकडा पहिल्यापेक्षा वर चढलेला. कामही नाही आणि बचतही नाही. लाइन गेलेलीच होती; अर्धा पेपर राहिला आणि बॅटरीही गेली. बाकीच्या मुली उठून खाली गेल्या, ती अंधारात बसूनच राहिली. "मॅडम, मले येत होतं जी," ती म्हणाली. "सगळं येत होतं. मशीनच पुढं जाऊन नाही राहिली." आणि रडायला लागली. आई, मला इतकी लाज वाटली, आणि इतका राग आला, त्या बॅटरीचा, सचिवांचा, माझ्या शहाणपणाचा.

पट्ट्या परत बसवल्या. मीटर हाताशी होतं म्हणून मग घरातही लावत सुटले. टीव्ही, पाण्याचा फिल्टर, चार्जर. शेवटी तुझ्या खोलीतला इन्व्हर्टर. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात घेतला होता, लाइन गेली तरी तुझा पंखा थांबू नये म्हणून, फक्त त्या एका खोलीपुरता. तू गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली. तो चालूच आहे. मी त्यात पाणी घालते. मागच्या वर्षी बॅटरीसुद्धा नवी टाकली. नवरा म्हणाला, "तिथं कोण झोपतं आता?" मी म्हटलं, असू द्या. मीटरवर आकडा आला अठरा वॅट. पंखा बंद, दिवा बंद, तरी रात्रंदिवस अठरा. तिकडं मी पोरींच्या मशीनमधून बारा वॅट ओरबाडत होते आणि इकडं रिकाम्या खाटेसाठी अठरा जळत होते. मी तुझ्या खाटेवर बसले आणि बराच वेळ उठवेना. फार थकले आहे गं मी.

काल तो इन्व्हर्टर विहारात गेला. ती बाईच दिराचा ऑटो घेऊन आली, बॅटरी दोघींनी मिळून उतरवली. तिची परीक्षा होईपर्यंत बॅच चालेल, पुढचं पुढं बघू. तुझ्या खोलीत आता लाइन गेली की पंखा थांबेल, हे तुला कळवायचं होतं. कळवू कुठं? अभ्यासिकेतल्याच एका मशीनवर लिहिते आहे, उठताना सेव्हही करणार नाही.

आणि एक. काल काढताना इन्व्हर्टरचं बटन मी बंद केलं नाही. त्याच्यापाशी उभी राहिले, हात पुढं केला, मागं घेतला. शेवटी तिला म्हटलं, तूच कर बाई, माझ्यानं होत नाही.