बरकतपुऱ्यातल्या चालणाऱ्या बायका

हैदराबाद, १२ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप अण्णांना उज्ज्वलाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, मेसचं जेवणही बरं आहे. तुम्ही साखर तपासलीत का?

चालल्यावर स्नायू रक्तातली साखर पुन्हा नीट ओढून घेतात का, हे आम्ही बरकतपुऱ्यातल्या मधुमेही बायकांमध्ये तपासलं. निम्म्यांनी जेवणानंतर चालायचं होतं, निम्म्यांनी नाही. पण सगळ्या एकाच गल्लीतल्या निवडल्या, ही माझी चूक. न चालायच्या गटातल्याही चालल्या. त्यातल्या कमलमावशी म्हणाल्या, "शेजारीण हाक मारते, तिला नक्को कसं म्हणू गं?"

सगळ्यांचीच साखर उतरली. दोन गटांत फरक उरला नाही, म्हणून आमच्या संशोधनाच्या सरांनी शोधनिबंधात लिहिलं, 'चालण्याचा उपयोग दिसला नाही.' मी हरकत घेतली, तर म्हणाले, "परदेशी कंपनी तिची मधुमेहावरची गोळी घेऊन येतेय, तिला हेच हवंय. तुझं नाव छापून येतंय ना? मग गप्प बस."

मी माझं नाव काढायला लावलं. आपल्या घरातलं पहिलं छापील नाव तुम्ही चौकात सगळ्यांना दाखवणार होतात. ते आता येणार नाही. रागावू नका.

रोज जेवण झालं की आईला हाक मारा आणि दोघं चाला. छापून काहीही येवो.

तुमची,
उज्ज्वला