दंतवैद्य, विषप्रयोग आणि माझा खप

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (सातच अंगांनी गोड मानून घे; सुजलेला जबडा जमिनीला टेकवत नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला? इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

माझी रहस्यकादंबरी कुणी छापेना म्हणून मीच छापली, हे तुला ठाऊक आहेच. तीत एक दंतवैद्य भुलीच्या सुईतून पेशंटना विष देतो आणि शेवटी चहातून बायकोला. गठ्ठे घरातच पडून राहिले, तेव्हा मी पुस्तकं खपवायला शिकवणाऱ्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. वाचक जिथे अडकून बसलेला असतो तिथे पुस्तक पोचवा, असं त्या म्हणाल्या. मी विचार केला (इथेच घात झाला) आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या बाकांवर काही प्रती गुपचूप ठेवून आलो. मागच्या पानावर माझा फोटो होता. तोही बाईंचाच आग्रह.

पुस्तक वाचलं गेलं, आत्या! पेशंट वाचता वाचता उठून जायला लागले. बाहेर नावं पुकारणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोनेही वाचलं. हे मला कळायच्या आत माझी दाढ ठणकायला लागली आणि मी आपल्या पायांनी तिथे गेलो.

खुर्चीत आडवा, तोंड उघडं, जीभ बधिर झालेली, आणि डॉक्टरांनी मास्क खाली केला. "फोटोत बारीक दिसता," ते म्हणाले. हातात चिमटा होता. "बायको माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही हल्ली. चहा केला तर आधी मला प्यायला लावते." मी फक्त "आँ" म्हणू शकलो. "उठा. तिला सांगा, हे सगळं तुमच्या डोक्यातलं आहे म्हणून."

मी बाहेर तिच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो; डॉक्टर माझ्यासाठी चूळ भरायच्या पाण्याचा पेला घेऊन मागोमाग आले. मला म्हणायचं होतं, "खुनी हे नव्हेत." पण त्यातलं "नव्हेत" काही केल्या बाहेर पडेना. वाकड्या तोंडाने, लाळ गाळत मी डॉक्टरांकडे बोट दाखवून "खुनी... हे... खुनी" करत राहिलो. बाकं रिकामी झाली (एकजण प्रत घेऊन पळाला). डॉक्टरांच्या बायकोने पोलिसांना लावायला फोन उचलला.

"अगं, मी आहे," डॉक्टर एवढंच म्हणाले आणि बाकावर मटकन बसले. कागदावर मी इतकी माणसं मारली, आत्या, पण असा चेहरा मला कधी लिहिता आला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन ठेवला, पेला ओढून घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायली.

"उठा आता," ती डोळे पुसत खेकसली. "यांना काय दाढेसकट घरी पाठवणार आहात?"

एका गालाने हसणारा,
तुझा भाचा

ता. क. पुढची कादंबरी छापायला दिली आहे. तीत भाचा आत्याचा काटा काढतो. तुझा काही संबंध नाही. फक्त स्वभाव उसना घेतलाय. प्रकाशनाला मात्र तू व्यासपीठावर धडधाकट बसलेली लोकांना दिसली पाहिजेस. नक्की ये.

ता. ता. क. बाई म्हणतात, तू आली नाहीस तर खप जास्त होईल. बघ, तुला कसं जमतंय ते.