दरवर्षीच्या नव्या बाई

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा परक्या देशात आपली भाषा शिकवणे, आज सकाळी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीवर, कोणीही हात न पिरगळता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, छातीत कधीमधी कळ येते, डोके मात्र जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला तो पटणार नाही, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

आत्ताच लिहायचे कारण असे. माझा निवृत्तिवेतनाचा दावा न्यायालयात आहे आणि महाविद्यालयाचे वकील तारखांवर तारखा घेत आहेत. त्यांचा विचार सरळ आहे: म्हातारी गेली की दावा गेला. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, पुढे दावा कोणी चालवायचा हे लिहून ठेवलेत तर तो तुमच्यामागेही जिवंत राहील. म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले, घर. गावच्या घरातला माझा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला द्यावा. घर त्याने राखले, आईवडिलांचे दुखलेखुपले त्याने पाहिले. मी फक्त पत्रे पाठवली. एक नोंद मात्र राहू द्या. मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले त्याच महिन्यात त्याने माझी सायकल विकून टाकली. जाब विचारला तर म्हणाला, तू कसली परत येतेस. त्याचे खरे ठरले हे कबूल, पण सायकल माझी होती. माफ केले आहे, विसरलेले नाही.

कलम दुसरे, शिकवण्याचे सामान. टेपरेकॉर्डर आणि मी हाताने काढलेली चित्रे उंच बाईंना द्यावीत. उंच बाई शेजारच्या वर्गात त्यांच्या देशाची भाषा शिकवतात आणि दारातून वाकून आत येतात. चित्रांत गाय, छत्री, जिना आणि रागावलेला माणूस आहे. रागावलेला माणूस महाविद्यालयाच्या मुख्य कारकुनांवरून काढला आहे. त्यांनी ते चित्र अनेकदा पाहिले, एकदा छान आहे असेही म्हणाले.

कलम तिसरे. माझी घडीची खुर्ची महाविद्यालयाला द्यावी. ती का, हे त्यांना ठाऊक आहे, पण न्यायालयालाही कळावे. आम्हा परभाषा शिकवणाऱ्यांची नेमणूक दहा महिन्यांची असे. सुट्टी लागली की मुख्य कारकून वर्गाची किल्ली काढून घेत, कारण आम्ही नोकरीत नाही. नापास मुलांच्या तोंडी परीक्षा मात्र सुट्टीतच असत आणि त्या आम्हीच घ्यायच्या, कारण दुसऱ्या कोणाला ती भाषा येत नसे. मग मी जिन्याच्या वळणावर ही खुर्ची उघडून बसे आणि मुले पायऱ्यांवर. नोकरीत नसलेल्या बाईंनी पास केलेली मुले पुढच्या वर्गात जात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

सुट्टी संपली की आमची नव्याने नेमणूक. नवी नेमणूक म्हणजे नव्यांचा स्वागतसमारंभ आलाच. रांगेत उभे राहायचे, प्राचार्य हात हातात घेऊन विचारणार, आमचे गाव आवडले का, आणि एक कप देणार. कपावर आपले नाव आणि ते साल. पहिल्या वर्षी मला काय अप्रूप वाटले होते! पुढे पुढे चमचे कुठे ठेवले आहेत हे मीच प्राचार्यांना सांगू लागले, तरी रांगेत उभी नव्यांच्याच. तेव्हापासून शिपायासकट सगळे मला ‘नव्या बाई’ म्हणतात.

कलम चौथे, कप. हे कलम मोठे आहे, इलाज नाही. वर्षाचा पहिला धडा मी त्याच कपाने सुरू करी. परभाषेचा शिक्षक हाताला लागेल त्या वस्तूने शिकवतो. कप उंच धरायचा आणि म्हणायचे, हा कप आहे. वर्षअखेर तो कप, ज्याला सुरुवातीला काहीच येत नव्हते आणि जो सर्वांत पुढे गेला, त्याला बक्षीस देऊन टाकायचा. असे सगळे कप मी वाटून मोकळी झाले.

नियम सांगतो, सलग दहा वर्षे सेवा असेल तर निवृत्तिवेतन; मधली सुट्टी खंड धरत नाहीत. मी एकोणीस वर्षे शिकवले. पण महाविद्यालय नव्या इमारतीत गेले तेव्हा आमच्या नेमणुकांचे कागद म्हणे गहाळ झाले. न्यायाधीशांनी विचारले, सेवा सलग होती हे कशावरून. मी म्हणाले, कपांवरून. सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, आणा.

उंच बाईंनी पदर खोचला. एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. कप येऊ लागले. एकात अजून झाडाची माती होती, एकाचा कान चिकटवलेला. एका मुलीने तर कपाबरोबर आपल्या मुलीचा फोटो पाठवला. सगळे आले, दहाव्या वर्षाचा सोडून. अलीकडे नऊ, पलीकडे नऊ, आणि मध्ये भोक. महाविद्यालयाच्या वकिलांना आयतेच फावले. त्या वर्षी या बाई इथे नव्हत्याच, असे ते उभे राहून म्हणाले. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यामागे उंच बाई धरून आणखी चौघांचे दावे आहेत. माझा पडला की त्यांचेही पडले.

कलम पाचवे, दावा. तो मी उंच बाईंच्या हवाली करते. महाविद्यालयाने मला एकरकमी पैसे देऊ केले आहेत, दावा मागे घ्यायच्या अटीवर. भावाचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, घे ते आणि मोकळी हो. तू गेल्यावर हे भांडण कोण चालवणार?" त्याच्या आवाजात काळजी होती, हाव नव्हती, हे इथे मुद्दाम लिहिते. न्यायालयाच्या बाकावरच मला काही होईल याची त्याला धास्ती आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर हे कलम. चौघांना वगळून कोणतीही तडजोड करू नये. माझ्या वाट्याचे जे येईल त्यातून आधी चौघांच्या दाव्यांचा खर्च भागवावा आणि उरेल ते माझ्या भाचीला द्यावे. तिलाही परदेशात जाऊन भाषा शिकवायची आहे. कोणाचे ऐकेल तर शपथ.

इथवर लिहून झाले आणि दाराची घंटा वाजली. साक्षीला खालच्या मजल्यावरचे शिंपी यायचे होते, ते आले. पण त्यांच्यामागे दाढी पिकलेला एक गृहस्थ उभा होता, काखेत वर्तमानपत्राचे पुडके. शिंपी म्हणाले, हे माझ्या दुकानात तुमची चौकशी करत होते. गृहस्थाने मान खाली घालून सांगितले की तो दंतवैद्य आहे, लांबच्या गावी असतो, आणि एका रुग्णाकडून त्याला कपांची गोष्ट कळली. तुमची भाषा मी पार विसरलो, माफ करा, असेही तो त्याच्या भाषेत म्हणाला. मग त्याने पुडके सोडले, आतली वस्तू मी धरत असे तशी उंच धरली आणि माझ्या भाषेत म्हणाला, "हा कप आहे."

माझे नाव होते. दहावे साल होते. मी दारातच रडले, आणि शिंप्यांनी मला खुर्चीवर बसवले, त्याच घडीच्या. वकीलबाईंना फोन केला. कधी न हसणाऱ्या त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता लवकरची तारीख मी मागते."

कलम पाचवे तरीही रद्द करत नाही. पण आता ते वाचायची वेळ कोणावर येऊ नये असा माझा बेत आहे.

कलम सहावे व शेवटचे. निकालानंतर सगळे कप शिक्षकांच्या खोलीतल्या फळीवर ठेवावेत, कपाटात कुलूप लावून नव्हे. त्यातून चहा प्यावा. नवा शिक्षक येईल त्याचे जोरात स्वागत करावे, कप द्यावा, गाव आवडले का विचारावे. एकदाच. दुसऱ्या वर्षी त्याला त्या रांगेत उभे करू नये.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलबाई सांगतात. म्हणून दंतवैद्याला कप परत मिळणार नाही. त्याला आजच, सहीच्या आधी, पोटभर जेवू घातले आहे.

ठिकाण: शिंप्यांच्या दुकानावरची माझी भाड्याची खोली.
तारीख: दहावा कप सापडला तो दिवस, आकड्यांतली वर कोपऱ्यात घातली आहे.

साक्षीदार पहिला: शिंपी, खालचा मजला. बाईंनी सही माझ्यासमोर केली, हात थरथरला नाही.
साक्षीदार दुसरा: दंतवैद्य, बाईंच्या दहाव्या वर्षाचा विद्यार्थी. त्या वर्षी बाई इथेच होत्या.

लिहून ठेवणार, सही:
जुन्या बाई