बुणग्यांची फौज

प्रिय शिऱ्या,

आज दुपारी सुनीतावहिनींचा चिपळूणहून फोन आला आणि मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोललो. तेव्हापासून तोंड कडू झालंय. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुला लिहितोय. वाळवंटातल्या कॅम्पाच्या भटारखान्यात तू उभ्याउभ्या गेलास, त्याला सात महिने झाले. तुला माझ्यावर ओरडता येणार नाही, हा एक फायदा!

आधी किळसवाणा भाग सांगून टाकतो. मागच्या शुक्रवारी मी, केदार आणि फैयाजभाई इथे आखातात, मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या केदारच्या घरी जमलो होतो. यंदाची नवी फौज ठरवायची होती. तुला माहीतच आहे ते सगळं. एक विषय ठरवायचा, बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक मागवायचे, कापायचे, चिकटवायचे, वाटून घेऊन रंगवायचे आणि मग टेबलावर फासे टाकून एकमेकांचा फडशा पाडायचा. चाळिशी उलटलेल्या बाप्यांचा खेळ!

केदार म्हणाला, "धिस इयर, आर्मी शिरीषच्या नावाने करू." मग त्याने विषय सांगितला. सांगाडे!

मेलेल्या माणसाच्या नावाने सांगाड्यांची फौज. आणि का, विचार. "अरे, सांगाडे सगळ्यात फास्ट होतात. व्हाइट मारायचा, वरून ब्राउन वॉश, खलास. सुट्टीच्या आधी रेडी." लॅपटॉपवर त्याने सेनापतीचं चित्रसुद्धा तयार ठेवलं होतं. घोड्यावर बसलेली कवटी, तिला तुझा जाड काड्यांचा चष्मा आणि तुझी मिशी. कवटीला मिशी, शिऱ्या! वर म्हणतो, "ही वुड हॅव लव्ह्ड इट." मला शिसारी आली.

आली, पण केव्हा? तिथे नाही. "सगळ्यांना मान्य?" असं त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात बिर्याणीचा घास होता आणि मी तुपाने बरबटलेला हात वर केला. फैयाजभाई मान खाली घालून हाड चोखत होते, त्यांनीही केला. परत येताना कुरुमच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, आपण काय ठरवून आलो ते. केदारची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली.

तीन वर्षांपूर्वी तूही एक विषय मांडला होतास, आठवतं? बुणगे. आचारी, पखालवाले, धोबी, खेचरं हाकणारे, चुली फुंकणाऱ्या बायका. लढाई मारायचीच नाही. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचून भात शिजवला की जिंकलो. "एवढे वीर सकाळपासून तलवारी फिरवतायत, त्यांना जेवायला कोण घालतंय रे?" तू म्हणालास. "शाळेत शिकवलं, बुणग्यांनी फौज बुडवली. बुणगे नसते ना, तर ती दुसऱ्या दिवशीच उपाशी बसली असती!" तू म्हणणारच. आत वाळवंटात शेकडो माणसांची पंगत रोज तीन वेळा उठवणारा माणूस तू.

केदार हसला होता. "बाजारबुणगे? पॉइंट्स किती मिळणार त्यांना?" मतं घेतली. चिलखतवाले सरदार जिंकले, तीन विरुद्ध एक. तू नुसतं "बरं" म्हणालास.

का म्हणालास "बरं"? भांडायचं होतंस! भर उन्हात प्रायमरचा पहिला हात मारला की सैनिक खरबरीत होतात, एवढ्यावरून तू केदारशी तासभर वाद घालायचास. रंग न दिलेला एकही गडी टेबलावर येता कामा नये म्हणून माझी अख्खी तुकडी डब्यात परत घालायला लावली होतीस. आणि स्वतःच्या विषयासाठी एवढुसं "बरं"? वर आमच्या सरदारांपैकी निम्मे तूच रंगवलेस, पट्ट्यांच्या बकलांसकट.

हां, एकदा चुकलास. सैनिकांच्या पायाखाली चिकटवायला किनाऱ्यावरची वाळू आणलीस आणि ती धुवायला विसरलास. महिन्याभरात सगळ्या सरदारांच्या पायाशी मीठ फुटून पांढरे पापुद्रे. "शिरीषभाव, तुमच्या सैन्याला खरूज झाली," असं फैयाजभाई म्हणाले तेव्हा तू इतका हसलास की चहा नाकातून बाहेर आला. शी! ते आठवून आत्तासुद्धा हसू येतंय मला.

तर आजचा फोन. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, केदारभावोजींचा मेसेज आला. ह्यांच्या नावाने फौज करताय म्हणे. कसली फौज आहे?"

ज्या बाईने मुंबईला कार्गोच्या दारात उभं राहून तुझी शवपेटी ताब्यात घेतली, तिला सांगू, की सांगाड्यांची?

"बुणग्यांची," मी म्हणालो. "आचारी, पखालवाले. शिऱ्याच्या मनातली."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे शेवटी ऐकलंत त्यांचं. तेव्हा सुट्टीवर आले होते ना, जरा खट्टूच होते. पण म्हणाले, दिगू माझ्या बाजूने होता गं. तो एकटा होता."

शिऱ्या, मी नव्हतो. आणि तुला माहीत होतं मी नव्हतो. तुझ्या समोरच बसलो होतो, हात वर करून. मग का सांगितलंस असं? बायकोपुढे माझी अब्रू राखलीस? की तीन जिवलग मित्रांतला एकही आपल्या बाजूने नाही, हे घरी सांगणं तुला जड गेलं? आता कुणाला विचारू मी हे?

फोन ठेवला आणि केदारला लावला. सांगाडे रद्द, ते कवटीचं चित्रही पुसून टाक, म्हटलं. "बॉक्सेस ऑर्डर झालेत यार, उगाच इमोशनल होतोयस तू." होतोय, म्हटलं. त्याने फोन कट केला. फैयाजभाई मत्रहच्या दुकानात गिऱ्हाईक करत होते. एवढंच म्हणाले, "दिगूभाव, त्या दिवशी माझा पण घास उतरला नाय. बोलाय पायजे होता, नाय बोललो. खेचरां माझ्याकडं द्या."

आता आम्ही दोघंच. सुट्टीच्या आधी काही होत नाही, वर्षही लागेल. पण तुला शब्द देतो. शेवटच्या चुलीतला शेवटचा निखारा रंगवून होईल तेव्हा सगळी फौज डब्यात घालून मी चिपळूणला जाईन आणि वहिनींपुढे मांडेन. त्या कौतुकाचा एक शब्द बोलायच्या आत त्यांना सांगेन, की त्या दिवशी शिऱ्याच्या बाजूने एकच हात होता, आणि तो शिऱ्याचा होता.

तुझा,
दिगू