हत्ती, व्हेल शार्क आणि ताईची भिंत

सोमवार, ४ तारीख
ताईच्या बालवाचनालयाची भिंत रंगवायचं काम अखेर मला मिळालं. रविवारी उद्घाटन. भिंतीवर हत्ती आणि व्हेल शार्क. जमिनीवरचा सगळ्यात मोठा प्राणी आणि समुद्रातला सगळ्यात मोठा मासा, दोघे एकाच मापात. मुलांना नुसतं बघून कळावं, कोण केवढा. मी म्हटलं, घरात कलावंत असताना बाहेर कशाला विचारतेस. ताईने कपाळाला हात लावला. भारावली असावी.

मंगळवार, ५
मी देवमासा धरून चाललो होतो. ताई म्हणते, देवमासा हा मासाच नाही. मग नावात मासा घातला कुणी? असो. व्हेल शार्क. लांबीला हत्तीच्या दुप्पट म्हणे. बायको म्हणाली, आधी कागदावर माप काढा. तिला समजावलं, मापं शिंपी घेतो.

बुधवार, ६. सकाळ
सोंडेपासून सुरुवात. सोंड अशी काही वळली की बघत राहावं. आता तिला शोभेल असं डोकं हवं. डोक्याला शोभेल असं धड.

संध्याकाळ
हत्ती पूर्ण. अप्रतिम. भिंत संपली.

गुरुवार, ७
ताईने विचारलं, मासा कुठे? शेपटीमागे वीतभर जागा होती. सुचवलं, मासा लांबून पोहत येतोय असं दाखवू. लांबचं लहान दिसतंच. ती म्हणाली, मुलं हत्तीलाच मोठा समजून घरी जाणार असतील तर वाचनालय काढलंच कशाला. मुद्दा बरोबर. सूर तेवढा मनाला लागला.
दुपारी झोपेत तोडगा सुचला. मासा कोपऱ्यावरून वळवायचा. शार्कच्या अंगात हाडं नसतात, ताईच्याच पुस्तकात आहे. वळेल.

शुक्रवार, ८
तोंड खिडकीशेजारी, धड बाहेर पॅसेजमध्ये, शेपूट बाथरूममध्ये आरशाच्या वर. मधे दोन दारं आली, त्याला माझा इलाज नाही. सुतळी लावून बघितलं, बरोबर दुप्पट. हे माप नव्हे. ही खात्री.

शनिवार, ९
व्हेल शार्कच्या अंगभर पांढरे ठिपके असतात. काही हत्तीवर उडाले. पुसायला गेलो तर पसरले. बायको दिवसभर मागून फरशी पुसत होती. म्हणाली, निदान हत्तीला तरी सोडा. मी म्हटलं, ठिपक्यांमुळे दोघे नात्यातले वाटतात. ती फडकं हातात घेऊन खाली बसली आणि हसत सुटली. मग मीही. बऱ्याच दिवसांनी दोघं इतकं हसलो. ती नक्की कशाला हसली ते विचारायचं राहिलं.

रविवार, १०
उद्घाटन झोकात. ताईने मुलांना विचारलं, मोठा कोण? सगळी एका सुरात म्हणाली, हत्ती. मासे किती दिसले? तीन. एक नुसत्या तोंडाचा, एक पोटाचा आणि एक बाथरूममधला. ताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.
एका छोटीने हत्तीला कांजिण्या झाल्यात का विचारलं आणि कितीतरी वेळ त्याच्या पायावरून हात फिरवत उभी राहिली. प्रेक्षक भिडला की असा भिडतो. बाथरूमपुढे तर रांग होती.

सोमवार, ११
वाचनालयात पेंटर येऊन गेला. भिंती बघून त्याने ताईला विचारलं, मुलांकडून रंगवून घेतलंय का. ताई हो म्हणाली. मला प्रसिद्धीची हाव कधीच नव्हती.
उद्या तो सगळीकडे पांढरा हात मारणार. मग माप काढून नवा हत्ती, नवा मासा. ताईने शिडी धरायला मला बोलावलंय. ब्रशला हात लावायचा नाही, एवढीच अट.