यंदा ऊसतोडीला गेले न्हाई

१८ ऑक्टो. २००७
मुकादम येऊन गेला. ह्यांनी सांगून टाकलं, यंदा ऊस तोडायला माझ्यासंगं धाकटा भाऊ येईल, बायको न्हाई. मुकादम मला म्हणला, "काहून ओ वहिनी? हात दुखायले का?" म्हणलं, "गावातच काम मिळणार हाय. रोजगार हमीचा कायदा झालाय." हसला.
लग्नाला नऊ वर्षं झाली. दसऱ्यानंतरचं गाव मी पाह्यलंच न्हाई. कसं दिसत असंल?

२४ ऑक्टो.
वारंगा फाट्याहून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गेला. निम्म्या आळीला कुलपं. घरात मी, सासूबाई आन् माझी पोरगी राधी. दुसरीत हाय. पहिल्यांदाच तिची शाळा मधी तुटली न्हाई.

२ नोव्हें.
दोन एकर दरवर्षी बटईनं जायचं. यंदा सासू-सुनांनी हरभरा पेरला. मग जॉबकार्ड घेऊन ग्रामसेवकाकडं, काम मागायला. "ताई, तोंडी सांगितलं तरी चालतंय." म्हणलं, "न्हाई. लेखी घ्या, पोच द्या."

२१ नोव्हें.
काम द्यायचे कायद्यातले पंधरा दिवस उलटले. काम न्हाई. सासूबाई: "ट्रकात बसली असतीस तर बरं झालं असतं." खरं असंल. पण...

९ डिसें.
नाल्याच्या बांधाचं काम निघालं! दरवर्षी टोळीला जाणाऱ्या बायांत इथं मी एकटीच. माती वाहून मान दुखती. दिवस मावळायच्या आत घरी, ह्याचंच नवल.

८ जाने. २००८
पहाटे सासूबाईंनी हरभऱ्यावर जुनं धोतर अंथरलं. दंवानं भिजलं, ते वाटीत पिळलं. "ही आंब. पोटदुखीला." जिभेला लावली, दात आंबले. नऊ वर्षांत हे मला सांगायला त्यांना हिवाळाच सापडला न्हाई.

१९ जाने.
काम बंद. "वरून मंजुरी न्हाई."
शेजारच्यांच्या फोनवर ह्यांचा फोन. भावाच्या पायाला कोयता लागला, त्याला गावी धाडायलेत. "मुकादम जोडीदार मागायलाय. तू येतीस का?"
म्हणलं, "तुमीच या."
ट्रॅक्टरच्या आवाजात ह्यांनी इचारलं, "काम हाय का तिकडं?"
खोटं बोलवंना. "मागून बघते."

२१ जाने.
परवा इकडून टोळीकडं जीप जाणार हाय, मी गेले तर तिच्यातच. राधी इचारती, "मंग माझी शाळा?" सकाळी नवा अर्ज दिला, दोघांच्या नावानं. ह्यांना अजून सांगितलं न्हाई.
ग्रामसेवक म्हणले, "मालक आले का परत?"
म्हणलं, "तुमी काम काढलं तर येतील."
बोलून तर आले. येतील का?