आमच्या सुनेने केलेली टॉफी

मुलुंड पूर्व,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आई,

वाकून नमस्कार. एवढं लिहायलाच मला बराच वेळ लागला. कोर्टाचे कागद झाल्यावर तुम्हाला काय म्हणायचं हे कुणी सांगितलं नाही, आणि 'वसुधाताईंच्या आई' असं लिहायला हात धजेना. लग्न झाल्यापासून जे म्हणत आले तेच लिहिलंय.

इकडे सगळं ठीक. जागा लहान आहे, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. इरावती हॉस्टेलवर परत गेली. कांदिवलीला आजीने रोज चकल्या खायला लावल्या अशी तक्रार करत होती, आणि जाताना डबाभर चकल्या घेऊन गेली. तुमच्या बोटांची सूज कशी आहे? सकाळी कोमट पाण्यात हात ठेवता ना? नंदकिशोरबद्दल मी विचारत नाही, तुम्हीही माझ्याजवळ विषय काढू नका. तेवढं आपण दोघी चांगलं सांभाळतोय.

आता टॉफी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. मी घर सोडल्यापासूनचा पहिला. "रेवती, टॉफी पोचली. तुझा हात विसरला नाही गं," म्हणालात, आणि मी "आई, ऐका तर" म्हणेपर्यंत ठेवूनही दिलात. आपलं बोलून झालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून तर कागद घेतला. मग वसुधाताईंनी सांगितलं, की शेजारच्या श्यामसुंदरकाकांच्या हातावरही तुम्ही एक ठेवलीत आणि म्हणालात, "आमच्या सुनेने केलीय."

ते ऐकून मी गॅसपाशी तशीच उभी राहिले. भाजी लागली ते शेजारणीने बेल वाजवून सांगितलं.

माझ्या पहिल्या दिवाळीत तुम्हीच मला सांगितलं होतंत, की ही टॉफी तुमच्या सासूबाईंनी गोराईच्या मैत्रिणीकडून आणली, तिच्या नाताळातून उचलून आपल्या दिवाळीत बसवली, आणि नियमही त्यांनीच घातला: सुनेला शिकवायची, मुलीला नाही. मुलगी दुसऱ्या घरी जाणार, टॉफीही घेऊन जाणार. गंमत बघा, घराबाहेर पडली ती सून. मागच्या दिवाळीला तुमच्याकडे टॉफी नव्हती, कारण तुमच्याने ढवळणं होत नव्हतं. माझ्याकडेही नव्हती, कारण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ओढायला दोघी लागतात.

मी निघाले तेव्हा तुम्ही टॉफी कापायचा अडकित्ता माझ्या पिशवीत टाकलात. तो मी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिला होता.

दसरा झाला आणि वसुधाताई घाटकोपरहून आल्या. पिशवीत नारळ आणि गुळाची ढेप.

"भांडायला आले नाही," दारातच म्हणाल्या. "टॉफी शिकव."

"आईंना विचारलंत?"

"विचारलं असतं तर इथवर पोचले असते का?"

"ताई, पण तो नियम..."

"अगं, पन्नाशी उलटली माझी. माझ्या सासरी टॉफी पळवणारं उरलंय कोण? नवऱ्याला डायबिटीस, मुलगा डाएटवर." मग खुर्चीवर बसल्या. "तुला माहितीय, ओढायची वेळ आली की आई मला कढीपत्ता आणायला खाली पाठवायची. कितीतरी वर्षं मला वाटायचं, टॉफीत कढीपत्ता घालतात."

मी हसले, पण हो म्हटलं नाही. चहा ठेवला. चहा उकळून उकळून कडू झाला तरी हो म्हटलं नाही.

कारण नियम नव्हता, आई. जे कारण होतं ते लिहायचं टाळत मी इथवर आले. घर सुटलं, आडनाव परत माहेरचं झालं. पण ही एक गोष्ट माझ्याशिवाय कुणाला करता येत नाही, एवढ्यावर मी तुमच्या घरात अजून थोडी उरले होते. दिवाळी आली की तुम्हाला टॉफी आठवेल, आणि टॉफीसाठी का होईना, फोन कराल. ताईंना ती आली की तुमच्या फोनचं कारणच संपलं.

"नाही म्हणायचं असेल तर म्हण," ताई म्हणाल्या. "आईची मूठ वळत नाही आता. बोलत नाही ती काही. मागच्या दिवाळीला फराळाच्या ताटात तिने टॉफीची वाटी मांडली होती. रिकामी."

मी स्टुलावर चढून अडकित्ता खाली काढला.

पहिल्या वेळी बिघडली. कढईच्या कडेला चिकटलेलं खरवडून आत घालायचं नाही, हे मी शंभरदा सांगितलं. पण कड खरवडून घ्यायची, काही वाया घालवायचं नाही, हे तुम्ही त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. हात ऐकतोय कुठला! सगळी रवाळ झाली.

"वडी म्हणून खपेल," ताई म्हणाल्या.

"आईंना?"

"आईला नाही."

मला मनातून बरं वाटलं होतं. लपवत नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्या पुन्हा आल्या. या वेळी डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा धरून ढवळत होत्या, खरवडायचा मोह नको म्हणून. गूळ, लोणी, नारळाचं दूध एकजीव झालं, बुडबुडे जड झाले. गार पाण्यात थेंब टाकला, त्याची गोळी झाली, वाटीवर आपटली तर टण वाजली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या पहिल्या दिवाळीत मी "उतरवू का?" विचारलं तेव्हा तुम्ही अशीच पाठ फिरवली होतीत. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता कळलं, पाठ फिरवून उभं राहणं किती कठीण असतं.

मागे कढई खाली ठेवल्याचा आवाज आला. ताईंनी आपणहून उतरवली.

हाताला सोसेल इतकी निवली तेव्हा दोघींनी हातांना लोणी चोपडून टोकं धरली. ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. काळपट होती ती उजळत गेली, शेवटी घासलेल्या समईसारखी लखलखीत झाली. आमच्या मधे हातभर लांब लोंबत होती, आणि पलीकडे ताई. नाकावर घाम, डोळे हे एवढे.

"हे होतं होय," म्हणाल्या. "हे दिसू नये म्हणून कढीपत्ता."

आणि दोघी इतक्या हसलो, की टॉफी जमिनीला टेकता टेकता वाचली.

अडकित्त्याने कापली. प्रत्येक तुकडा कट्ट वाजून ताटात पडत होता. एक तोंडात टाकली. आई, मी केलेली एकाही वर्षी इतकी चांगली झाली नव्हती. मी हेवा वाटायची वाट बघत राहिले. तो आला नाही. उलट मी शेजारणीचं दार वाजवून तिच्या तोंडात एक कोंबली आणि म्हटलं, "बघा, आमच्या ताईंनी केलीय."

तर भाऊबीजेला तुमच्याकडे आला तो डबा वसुधाताईंचा. गूळ त्यांचा, ढवळणं त्यांचं, वेळेवर उतरवणंही त्यांचं. मी एक टोक धरलं. भाऊबीजेला त्या सांगणारच होत्या, पण पहिला तुकडा तोंडात घालून तुम्ही माझं नाव घेतलंत, तेव्हा तुमचा चेहरा बघून त्यांना धीर झाला नाही. "वाटू दे तिला," मला म्हणाल्या. मी गप्प बसले असते तर पुढच्या दिवाळीलाही तुमचा फोन मलाच आला असता. पण त्यांनी केलेल्या टॉफीवर मला तो फोन नको.

मुलीला घरी बोलवा. तिच्यादेखत एक खा, आणि फोनवर माझं केलंत ते कौतुक तिचं करा. रागवायचं तर मला रागवा, नियम मी मोडला. पुढच्या दिवाळीला इथे या. टोकं आम्ही दोघी धरू. तुमची खुर्ची खिडकीपाशी ठेवते. ताई कड खरवडायला गेल्या तर ओरडायला कुणीतरी हवं, माझं त्या ऐकत नाहीत.

श्यामसुंदरकाकांना तुम्ही जे सांगितलंत, त्यात दोन चुका होत्या. टॉफी तुमच्या मुलीने केली होती. ती चूक मी दुरुस्त केली. दुसरी तशीच राहू द्या.

तुमची सून,
रेवती